आखाती सहकार परिषद : सदस्यत्व आणि उद्दिष्टे – एक चिकित्सा

प्रस्तावना :
२५ मे १९८१ रोजी अबुधाबी येथे सौदी अरेबिया, कुवेत, संयुक्त अरब अमिराती, कतार, बहारीन व ओमान या सहा राष्ट्रांनी आखाती सहकार परिषदेची स्थापना केली. १९७९ ची इराणमधील क्रांती व १९८० मध्ये पेटलेले इराण-इराक युद्ध ही तिची पार्श्वभूमी होय. तथापि सनदेच्या चौथ्या कलमात आर्थिक, शैक्षणिक व सामाजिक समन्वयातून ऐक्य साधण्याचे उद्दिष्ट असून संरक्षणाचा उल्लेख नाही. घोषित व अघोषित उद्दिष्टांतील हे अंतर तपासणे आवश्यक ठरते.

सदस्यत्वाचा निकष :
इराकला आखाताचा किनारा आहे, तर येमेन अरबी द्वीपकल्पातच वसले आहे. तरीही ही दोन्ही अरब प्रजासत्ताके परिषदेबाहेर आहेत. येमेनला २००१ मध्ये केवळ आरोग्य, शिक्षण अशा काही उपसंस्थांत प्रवेश मिळाला. याउलट २०११ मध्ये अरब जगतात जनआंदोलने उसळताच, आखातापासून दूर असलेल्या जॉर्डन व मोरोक्को यांच्या सदस्यत्वाचा विचार सुरू झाला. तो पूर्णत्वास गेला नाही. परंतु वंशपरंपरागत राजसत्ता हाच सदस्यत्वाचा खरा निकष असल्याचे त्यातून सूचित होते.

उद्दिष्टांची कसोटी :
१९९० मध्ये इराकने कुवेत व्यापले तेव्हा परिषदेचे संयुक्त सैन्य अपुरे पडले. याच सैन्याच्या नावाने मार्च २०११ मध्ये सौदी व अमिराती दले बहारीनच्या राजसत्तेच्या साहाय्यास गेली. आर्थिक क्षेत्रात सीमाशुल्क संघ (२००३) व सामाईक बाजारपेठ (२००८) ही लक्षणीय पावले होत. मात्र सामाईक चलनाच्या योजनेतून ओमान व अमिराती बाहेर पडले. जून २०१७ मध्ये तर सौदी अरेबिया, अमिराती व बहारीन यांनी कतारशी संबंध तोडले. सनदेच्या दहाव्या कलमात तंटानिवारणाची तरतूद असूनही ती निरुपयोगी ठरली. कुवेतने मध्यस्थी केली, तरी समेटास जानेवारी २०२१ उजाडले. दरम्यान, सीमेपलीकडे विवाहसंबंध असलेल्या कुटुंबांची ताटातूट झाली.

समारोप :
राज्यकर्त्यांचे हितसंबंध जुळतात तेथे परिषद कार्यक्षम ठरते. ते दुभंगताच सनद मौन धारण करते. सनदेतील ऐक्य जनतेच्या नावे असले, तरी ते मोडण्याचा अधिकार मात्र राजघराण्यांकडेच राहिला आहे. म्हणूनच प्रादेशिक संघटनांच्या अध्यापनात सदस्यांची यादी व उद्दिष्टांची कलमे सांगून थांबणे पुरेसे नाही. सदस्यत्व कोणाला नाकारले गेले, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.