दोन रकान्यांचें चरित्र

चरित्राला प्रसंग लागतो, अशी आपल्या वाचकांची जुनी समजूत आहे. नायक रणांत उतरला पाहिजे, तुरुंगांत गेला पाहिजे, निदान एखाद्या सभेंत त्याच्यावर दगड तरी पडला पाहिजे; एरव्हीं चरित्रकाराची लेखणी पुढें सरकत नाहीं. अणुशक्तीविरुद्ध झगडलेल्या स्त्रियांच्या जीवनांत असे प्रसंग पुष्कळ आहेत. 1981 सालीं कांहीं स्त्रिया वेल्समधील कार्डिफहून निघून इंग्लंडांतील ग्रीनहॅम कॉमनच्या लष्करी तळापर्यंत पायीं चालत गेल्या, आणि पुढल्या वर्षीं डिसेंबरांत सुमारें 30,000 स्त्रियांनीं हातांत हात गुंफून त्या तळाला वेढा घातला. हिरोशिमाच्या आगींतून तेराव्या वर्षीं वांचलेल्या सेत्सुको थर्लो यांनीं 2017 सालीं ऑस्लो येथें अण्वस्त्रबंदीच्या चळवळीच्या वतीनें नोबेल पारितोषिकाचा स्वीकार केला. हीं चित्रें डोळ्यांपुढें उभीं राहण्यास वेळ लागत नाहीं. परंतु ज्या स्त्रीच्या कार्याचा मला आज वाङ्मयदृष्ट्या विचार करावयाचा आहे, तिच्या मुख्य कृतींत असा एकहि प्रसंग नाहीं. तेथें आहेत ते आंकड्यांचे दोन रकाने.

त्या म्हणजे डॉ. संघमित्रा गाडेकर. त्यांचा परिचय करून देतांना मी सहजच लिहूं लागलों होतों, कीं त्या महादेवभाई देसायांची नात व नारायणभाई देसायांची कन्या. आणि लेखणी थबकली. स्त्रीचें चरित्र कोणा पुरुषाच्या नांवानें उघडण्याची संवय आपल्या हाडींमासीं खिळली आहे. रमाबाई रानडे व लक्ष्मीबाई टिळक यांच्या थोर आत्मकथांतहि पतीची मूर्ति पानोपानीं उभी आहेच. तरीहि येथें कुळाचा उल्लेख टाळून चालत नाहीं, कारण तें नोंदीचें घराणें आहे. महादेवभाईंनीं गांधीजींच्या सहवासांतील दिवस रोजनिशींत टिपले. 15 ऑगस्ट 1942 रोजीं पुण्याच्या आगाखान राजवाड्यांत त्यांचा देह पडला. नारायणभाईंनीं त्यांचें चरित्र लिहिलें, आणि पुढें गांधीजींचेंहि लिहिलें. नातीनेंहि वही हातीं घेतली. पण नायक बदलला. आजोबांनीं एका महात्म्याचा शब्द टिपला. ज्यांचा शब्द कोणी ऐकत नाहीं अशा पांच हजार माणसांचें दुखणें नातीनें टिपलें.

संघमित्राबाई शिक्षणानें वैद्य. त्यांचे पति सुरेंद्र गाडेकर पदार्थविज्ञानाचे अभ्यासक. गुजरातेंतील वेडछी येथें दोघांनीं आपलें ठाणें मांडलें, आणि 1987 पासून ‘अणुमुक्ति’ नांवाचें इंग्रजी नियतकालिक तेथून निघूं लागलें. काक्रापारची अणुभट्टी तेथून फार दूर नव्हे. परंतु त्यांची प्रमुख कृति घडली ती राजस्थानांत, कोटा शहरापलीकडे चंबळेच्या कांठीं वसलेल्या रावतभाट्याच्या परिसरांत. तेथील पहिली भट्टी 1973 पासून वीज देऊं लागली होती. 1991 सालीं संघमित्राबाई व त्यांचे सहकारी तेथें गेले आणि घरोघर फिरले. भट्टीपासून 10 किलोमीटरांच्या आंतील गांवांतून 551 घरें व 2,860 माणसें त्यांनीं नोंदलीं. 50 किलोमीटरांहून दूरच्या गांवांतून 472 घरें व 2,544 माणसें. दोन्हींकडे प्रश्न तेच. घरांत कोण आजारी, कोणाला गांठ, कोणतें मूल व्यंग घेऊन आलें, कोणतें मृतच जन्मलें, कोणतें पहिल्याच दिवशीं गेलें. जवळच्या गांवांत या शेवटल्या दुःखांचें प्रमाण अधिक आढळलें. तो वृत्तांत ‘अणुमुक्ती’त प्रसिद्ध झाला.

यास वाङ्मय म्हणावें काय? माझें उत्तर होकारार्थी आहे, आणि त्याचें कारण मला माझ्या जिल्ह्यानें शिकविलें आहे. 1993 च्या सप्टेंबरांत गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, 30 तारखेच्या पहाटे, किल्लारीची भूमि हादरली. मुरुडास आमच्या माळवदाची माती अंगावर पडली आणि आम्ही अंगणांत धांवलों. किल्लारीच्या बाजूला मात्र दगडमातीच्या जाड भिंतींखालीं हजारों माणसें गाडलीं गेलीं. त्या दुःखाला घटका होती, स्थळ होतें. म्हणून त्यावर कविता झाल्या, कथा झाल्या, आणि मदतहि आली. रावतभाट्याच्या दुःखाला घटकाहि नाहीं आणि आवाजहि नाहीं. एका घरीं मूल मृत जन्मतें; घर तें दैवावर घालतें. दुसऱ्या घरीं तसेंच होतें. तेंहि दैवावर घालतें. आई एकटी रडते, आणि शेजारच्या आईशीं आपला कांहीं संबंध आहे हें तिला ठाऊक नसतें. हा संबंध उघड करण्यास काव्याची प्रतिभा पुरी पडत नाहीं. त्याला दूरचें दुसरें गांव लागतें. ज्या दुःखाला प्रसंग नाहीं, त्याची कला तुलना हीच होय. दोन रकाने शेजारीं मांडतांच खासगी दैव सार्वजनिक प्रश्न होऊन उभें राहतें.

दोष सांगितले नाहींत तर ही टीका नव्हे, स्तुति होईल. संख्या लहान आहे. मृतजन्मासारख्या विरळ गोष्टींत लहान संख्या चकवूं शकते. पुष्कळशी माहिती कुटुंबांच्या आठवणीवर उभी आहे. कोणाच्या देहांत किती किरणोत्सर्ग शिरला हें त्यांत मोजलेलें नाहीं. म्हणून फरक दिसतो, कारण सिद्ध होत नाहीं. शिवाय मोजणारे आधींपासूनच विरोधक होते, हा आक्षेप सरकारपक्षानें घ्यावा हें स्वाभाविकच. वाङ्मयदृष्ट्या याहून मोठा दोष मला भाषेचा वाटतो. ज्यांचें दुखणें त्यांत आहे, त्यांना तो इंग्रजी वृत्तांत वाचतां येण्यासारखा नव्हता. त्या रकान्यांतून एकाहि आईचा स्वर ऐकूं येत नाहीं, आणि मोजणाऱ्या बाईचाहि नाहीं. चुलीशीं बसून असले प्रश्न विचारतांना त्यांना काय वाटलें असेल, हें वाचकाला कोठेंच सांपडत नाहीं.

तथापि एक गुण या सर्व दोषांना पुरून उरतो. पूर्वग्रह असलेल्या माणसाला आरोप करून मोकळें होतां आलें असतें. येथें तो मोजावयास बसला, आणि मोजण्याची रीत उघड ठेवली. ज्यास पटत नसेल त्यानें त्याच वाटेनें जाऊन पुन्हां मोजावें. विरोधकाच्या हातीं आपल्याला खोटें पाडण्याचें साधन देणें हीच अहिंसक वादाची रीत आहे. शांतिकार्य म्हणजे केवळ निषेधाच्या सभा, असें मानणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाहीं. कोंकणांत जैतापुराजवळ 1,730 मेगॅवॅटच्या सहा अणुभट्ट्यांची योजना आहे. ती अद्याप उभी राहिलेली नाहीं. 18 एप्रिल 2011 रोजीं नाटे येथें पोलिसांच्या गोळीबारांत एक माणूस मेला, तेव्हां वृत्तपत्रांना प्रसंग मिळाला. पुढें तो विझला. जमीन हादरणार नाहीं, असें तज्ज्ञ म्हणतात; तें खरेंहि असेल. पण 1993 पूर्वींच्या सरकारी भूकंप-नकाशांत आमचा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत रंगविलेला होता, हें लातूरकर विसरूं शकत नाहीं. म्हणून भट्टीचा पक्ष घेणाऱ्यांना व न घेणाऱ्यांना माझी एकच विनंति आहे. भट्टी येण्यापूर्वीं तेथल्या घराघरांतील प्रकृतीची नोंद व्हावी. रावतभाट्यास पहिला रकाना वेळेवर कोणी भरून ठेवला नव्हता. म्हणून संघमित्राबाईंना तो दूरच्या गांवांतून शोधून आणावा लागला. जैतापुरास तो आजच भरतां येईल.

त्यांचें चरित्र मराठींत कोणी लिहिल्यास त्यानें प्रसंगांच्या मागें लागूं नये. रावतभाट्यांतील एका घराच्या उंबऱ्यावर वही घेऊन बसलेली बाई, आणि उत्तर देण्यापूर्वीं गप्प झालेली दुसरी बाई, एवढें त्याला दाखवितां आलें तरी पुरे.