दुसऱ्याच्या सोलोखालचा ड्रमर

प्लेलिस्टमधलं कुठलंही हिंदी गाणं उघडा आणि त्यावर ड्रम्स कोणी वाजवलेत ते शोधून बघा. गायक सापडतो, संगीतकार सापडतो, हल्ली गीतकारही सापडतो. ड्रमरसाठी बरंच खाली जावं लागतं, आणि तिथेही हाताला काही लागेल याची खात्री नाही. आमच्या बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात याहून वेगळं काही घडत नाही. वरातीत बँजो पार्टीचं नाव गाडीवर हातभर अक्षरांत रंगवलेलं असतं. ताशा बडवणाऱ्या पोराचं नाव नवरदेवालाही माहीत नसतं.

म्हणून रणजित बारोटबद्दल लिहायचं आहे. हा मुंबईचा ड्रमर. संगीतकार, अरेंजर, निर्माताही. ए. आर. रहमानसोबत त्याने कित्येक वर्षं काम केलं. केतन मेहताच्या ‘ओ डार्लिंग ये है इंडिया’चं (१९९५) संगीत त्याचं. ‘शैतान’च्या (२०११) संगीतातही त्याचा वाटा आहे. म्हणजे तुम्ही त्याला ऐकलेलं आहे, फक्त तो कोण हे तुम्हाला माहीत नाही. माझं म्हणणं थोडं वाकडं आहे: बारोट सगळ्यात मोकळा वाजतो तो स्वतःच्या अल्बमवर नाही, तर दुसऱ्याच्या बँडमध्ये. आणि याचं कारण त्याच्यातला निर्माता आहे.

आधी घर. त्याची आई सितारादेवी. कथकमध्ये हे नाव उच्चारलं की पुढे ओळख सांगावी लागत नाही. कथकच्या घरात ताल आधी तोंडात येतो. नर्तक बोल म्हणून दाखवतो, त्याला पढंत म्हणतात, आणि मग तेच बोल पायातून काढतो. म्हणजे ताल मोजायची गोष्ट उरत नाही, बोलायची होते. ज्याने पालखीत पखवाज ऐकलाय त्याला हे वेगळं समजवायला नको. तुकोबांची पालखी आमच्या तालुक्यात येते तेव्हा बेलवाडीला गोल रिंगण होतं, पुढे इंदापूरलाही. पताकावाले धावतात, तुळशीवाल्या बाया धावतात, आणि गळ्यात पखवाज अडकवलेले वारकरीही धावतात, वाजवत धावतात. भजनी ठेका आठ मात्रांचा, पण पळताना कुणी आठ मोजत नसतं.

ड्रम सेटची कूळकथा नेमकी उलटी. बँडमध्ये पूर्वी मोठा ढोल एकाकडे, छोटा दुसऱ्याकडे, झांजा तिसऱ्याकडे असत, जसं आपल्या बँडवाल्यांकडे अजून असतं. लडविग कंपनीने १९०९ मध्ये पायाने ढोल वाजवायचं चांगलं पेडल आणलं आणि तिघांचं काम एका माणसाच्या चार हातापायांवर आलं. ड्रम सेट हे असं माणसं वाचवायचं यंत्र आहे. बारोट या यंत्रावर बसतो आणि त्याला बोलायला लावतो. त्याचा डावा पाय एक सांगत असतो, उजवा हात त्याला मधेच तोडत असतो. कधीकधी तो काठ्या थांबवून सरळ माइकवर ‘तकधिमि तकिट’ सुरू करतो. ही कर्नाटकी पद्धत, कोन्नकोल. मैफलीत लोक याला गंमत म्हणून टाळ्या देतात. माझ्या मते ती गंमत नाही, तो मूळ मजकूर आहे. नंतर ड्रमवर जे येतं तो त्याचा अनुवाद.

आता ‘बडा बूम’. बारोटचा स्वतःच्या नावाचा हा अल्बम २०१० मध्ये अमेरिकेतल्या ॲबस्ट्रॅक्ट लॉजिक्स या छोट्या लेबलवर आला. नावातच विश्वाच्या जन्माचा धमाका आहे. पाहुण्यांची यादी वाचून दडपण येतं: गिटारवर जॉन मॅकलॉग्लिन, तबल्यावर झाकिर हुसेन, मँडोलिनवर यू. श्रीनिवास, आणि आणखी बरेच. इतकी वर्षं इतरांचं संगीत सजवणारा माणूस अखेर स्वतःचं घर बांधतोय, म्हटल्यावर गावजेवण होणारच. पण घरात पाहुणे इतके झालेत की यजमान दिसत नाही. प्रत्येक जागा भरलेली आहे. ड्रम काही सांगून थांबला की त्या थांबण्यात लगेच कुणीतरी शिरतं. निर्मात्याचा कान कुठली जागा रिकामी दिसली की भरून टाकतो. सिनेमाच्या पार्श्वसंगीतात तो गुण असेलही, इथे तो आड येतो. एवढं असूनही मी हा अल्बम पुन्हा पुन्हा लावतो. श्रीनिवास २०१४ मध्ये अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेला, झाकिरभाई २०२४ च्या डिसेंबरात. ही माणसं एकाच अल्बमवर असणं आता वेगळं ऐकू येतं, ते समीक्षेच्या हिशोबात धरायचं की नाही हे तुम्ही ठरवा.

दुसरीकडे मॅकलॉग्लिनचा ‘फोर्थ डायमेन्शन’ हा बँड. ‘फ्लोटिंग पॉइंट’ (२००८) या मॅकलॉग्लिनच्या अल्बमवर बारोट होताच, तो भारतात, चेन्नईत रेकॉर्ड झाला होता. पुढे तो या चौघांच्या बँडचा कायमचा ड्रमर झाला. बेसवर कॅमेरूनचा एतिएन एम्बापे, कीबोर्डवर गॅरी हजबंड, जो स्वतः तयारीचा ड्रमर आहे. मैफलीत हजबंड कीबोर्ड सोडून दुसऱ्या ड्रम सेटवर येऊन बसतो आणि दोघांची सवालजबाबाची जुगलबंदी होते. यूट्यूबवर तुकडे आहेत, बघाच. इथे सगळं मिळून चार माणसं. कोण कधी येणार, कुठे थांबायचं, अल्बम कसा दिसणार, याची काळजी मॅकलॉग्लिनची. बारोटच्या डोक्यावरचं ते ओझं उतरलेलं लगेच ऐकू येतं. तो चुकायला तयार असतो. एखादी तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर येणं, तो इतक्या लांबून उचलतो की आता हा पडणार असं वाटतं. आणि पडायच्या जागीच सम असते.

‘ब्लॅक लाइट’ (२०१५) ऐका, पण त्याआधी २०१७ चा ‘लाइव्ह ॲट रॉनी स्कॉट्स’ ऐका. लंडनच्या प्रसिद्ध जॅझ क्लबातलं हे रेकॉर्डिंग. त्यात ‘माइल्स बियाँड’ आहे, मॅकलॉग्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्राने १९७३ मध्ये ‘बर्ड्स ऑफ फायर’वर वाजवलेली रचना. तेव्हा ड्रमवर बिली कॉबहॅम होता. रॉक ऐकणाऱ्या ड्रमरने ते ऐकून दुसऱ्या दिवशी काठ्या विकायला काढाव्यात, असं ते वादन. त्या जागी बसणं म्हणजे सचिननंतर चौथ्या क्रमांकावर येणं. बारोट कॉबहॅमची नक्कल करत नाही. कॉबहॅम भिंत उभी करतो, बारोट बोलत राहतो. गिटार एक वाक्य टाकते, तो ते अर्ध्यातून उचलतो, फिरवतो, परत देतो. सोलो चढत जातो तसं कोण कुणाला चढवतंय हे सांगणं अवघड होतं.

या ‘माइल्स बियाँड’साठी मॅकलॉग्लिनला २०१८ मध्ये ग्रॅमी मिळालं. पुरस्काराचा प्रकार होता ‘सर्वोत्तम जॅझ सोलो’. सोलो, म्हणजे एकट्याचा. त्यातले ड्रम्स आवाज बंद करून ऐकता आले असते तर उरलेल्याला किती मतं पडली असती, हा प्रश्न मला पडतो. मॅकलॉग्लिन वाईट वाजवतो असं मुळीच नाही, पंचाहत्तरीत असं वाजवणं हे अचाट आहे. पण जे बक्षीस पावलं ते संभाषण होतं, आणि संभाषणात एकाच्याच वाक्यांवर शिक्का बसला.

हेडफोन चांगले असतील तर एक करून बघा. पहिल्यांदा गिटार ऐका. दुसऱ्यांदा गिटारकडे पूर्ण दुर्लक्ष करा आणि फक्त त्याच्या उजव्या हाताची झांज धरून शेवटपर्यंत जा. ती सरळ चालते असं वाटतं, आणि मधेच लक्षात येतं की कधीचीच चालायची थांबली आहे. ती काहीतरी सांगते आहे.