युद्धेतिहासाचे ग्रंथ व चालते नकाशे

लढायांच्या ग्रंथांत वाचक कोठें वाट चुकतो, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें पानिपतचें प्रकरण उघडावें. इ. स. १७६० च्या ऑक्टोबरांत भाऊसाहेबांनीं दिल्लीच्या उत्तरेस जाऊन कुंजपुरा घेतला. इतक्यांत अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून पश्चिमतीरीं आला. मराठे मागें फिरले ते पानिपतास थांबले. दिल्लीची वाट तुटली व पुढील अडीच महिन्यांची कोंडी ठरली ती येथेंच. परंतु नुसत्या स्थलनामांवरून हें ध्यानांत येत नाहीं. अलीकडे मोबाइलच्या पडद्यावर सैन्यांच्या हालचाली दाखविणारे जे चालते नकाशे निघाले आहेत, त्यांत मराठ्यांचें तोंड दक्षिणेकडे कां वळलें हें शाळेंतील मुलासही क्षणांत उमजतें. हा लाभ लहान नव्हे. जुन्या चालीच्या मंडळींनीं त्यास नाक मुरडूं नये.

आमचा आक्षेप निराळा आहे. पत्रांवरून दोन मुक्काम व दोन तिथी मिळतात. मधला मार्ग नकाशाकार तर्कानें जोडतो, आणि पडद्यावर मात्र सगळीच रेघ सारख्या ठळकपणें धांवते. ग्रंथकारास ‘बहुधा’ असें लिहितां येतें. रंगीत बाणास तें साधत नाहीं. अनुमान प्रत्यक्षाच्या वेषांत पुढें येतें, तें असें. कालाचीही तीच गत. मुसलमानी दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो. म्हणून ‘छ’ घालून दिलेली तारीख इंग्रजींत मांडतांना, विशेषतः रात्रीच्या गोष्टींत, एका दिवसाचा फरक पडूं शकतो. असें असतां पडद्याच्या कोपऱ्यांत तासांचें घड्याळ फिरवीत ठेवणें हें धाडसच होय! कोस तर प्रांतोप्रांतीं निराळा. पण मोठा दोष पायाचाच आहे. हे बाण आजच्या उपग्रहचित्रावर फिरविले जातात, आणि यमुनेनें तेव्हांपासून आपलें पात्र बदललें आहे. आजच्या पात्रापासून छावणीचें अंतर मोजणारा वाचक फसणार.

बाणावर बोट ठेवतांच आधाराचें पत्र उघडेल अशी सोय या यंत्रांत सहज होण्यासारखी आहे. पत्र राजवाड्यांच्या पहिल्या खंडांत (१८९८) असल्यास त्याचा लेखांक, मोडी मूळ उपलब्ध असल्यास त्याचें छायाचित्र द्यावें. बखरीवरून घेतलेली हालचाल वेगळ्या रंगानें व तर्कानें जोडलेली तुटक रेघेनें काढावी. ज्यांच्या घरीं दप्तरें बांधून ठेविलेलीं आहेत त्यांनीं छायाचित्रें घेऊं दिलीं नाहींत, तर नकाशाकार बखरीवरच विसंबणार, व त्याचा दोष त्याच्या एकट्याच्या माथीं मारतां यावयाचा नाहीं. दोन पत्रांची तारीख जुळत नसेल तेथें दोन्ही बाण दिसूं द्यावे.