न्यूनगंड कुणाचा?

दलित लेखकावर लिहायला बसलेल्या प्रस्थापित समीक्षकाच्या हाताशी एक शब्द कायम तयार असतो. न्यूनगंड. कवितेत शिवी आली, न्यूनगंड. आत्मकथनात संताप आला, न्यूनगंड. सभेत एखादं पोरगं उठून तावातावानं बोललं, तरी तेच. कवितेनं विचारलेला सवाल राहिला बाजूला, कवीच पेशंट झाला. म्हणून दोस्तहो, या शब्दाची एकदा झडती घेऊ.

गंड म्हणजे सूज, गाठ. गंडमाळेतला गंड तोच. इंग्रजी 'कॉम्प्लेक्स'साठी मराठीत हा शब्द रुळला. मूळ विचार व्हिएन्नाच्या आल्फ्रेड अॅडलर या डॉक्टरचा. स्वतः लहानपणी मुडदुसानं आजारलेला माणूस. शरीरातल्या उणिवेवर त्यानं १९०७ साली पुस्तक लिहिलं आणि तिथून तो मनाकडं वळला. तो काय सांगतो? उणेपणाची भावना प्रत्येक माणसात असते. मूल लहान, भोवतीची माणसं मोठी. त्या उणेपणातूनच ते धडपडतं, वाढतं. हा रोग नव्हे. धडपडच खुंटली, माणूस उणेपणाला कवटाळून बसला, की मग गंड. म्हंजे जो लिहितोय, भांडतोय, संघटना बांधतोय, तो अॅडलरच्याच मापानं न्यूनगंडात बसत नाही.

अॅडलरनं जोडीला दुसरी कल्पनाही दिलीय. तिला आपण अहंगंड म्हणतो. मोठेपणाचा ताठा म्हणजे आतल्या उणेपणावर ओढलेलं पांघरूण, असं त्याचं म्हणणं. मग दुसऱ्याच्या हातचं पाणी प्यायलं तर बाटू, अशी ज्याला धास्ती. जन्माशिवाय मिरवायला ज्याच्याजवळ काही नाही. त्याला हा शब्द किती समीक्षकांनी लावला? बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत, १९३७ साली, रोगी कोण ते स्पष्ट सांगितलंय. त्यांनी आजारी म्हटलं ते हिंदूंना, आणि त्या आजारानं बाकीच्यांचं आरोग्य धोक्यात येतं असंही बजावलं. निदान कधीच झालंय. पेशंट मात्र कबूल होत नाही.

रोगाचं नाव देऊन तोंड बंद करायची चाल जुनी आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरनं १८५१ साली एक आजार शोधून काढला : ड्रॅपेटोमेनिया. लक्षण काय, तर गुलाम मालकाला सोडून पळतो. त्याच्या उपायांत चाबूकही होता. पळण्यामागं गुलामी आहे, हे त्या डॉक्टरला दिसलंच नाही. बरं, ही जुनी गोष्ट म्हणून सोडायची, तर १९६८ साली ब्रॉमबर्ग आणि सायमन या दोन डॉक्टरांनी काळ्यांच्या चळवळीशी जोडून 'निषेधाचा सायकोसिस' मांडला. ब्लॅक पॉवरची भाषा झाली रोगाचं लक्षण.

पण म्हणून सगळं डॉक्टरी शास्त्रच झूट, असं म्हणणं घातक आहे. डिप्रेशन हा खरा आजार आहे. चार दिवसांची उदासी म्हणजे डिप्रेशन नव्हे. दोन आठवडे किंवा जास्त, जवळपास रोज, दिवसभर मन मेलेलं. झोप गेली, भूक गेली, कशात रस नाही, मरणाचे विचार येतात, तेव्हा डॉक्टर लागतो, औषध लागतं. अशा वेळी "कार्यकर्त्याला कसलं डिप्रेशन?" म्हणून हिणवणारे आपल्यातच आहेत. 'सायको', 'मेंटल' या शिव्याही आपल्याच तोंडी असतात. हे बंद झालं पाहिजे.

फक्त औषधाबरोबर कारणही विचारायचं. दिल्लीच्या एम्समधल्या जातीय भेदभावावर थोरात समितीनं २००७ साली अहवाल दिला. डॉक्टर घडवणाऱ्या त्या संस्थेत अनुसूचित जाती-जमातींची मुलं वसतिगृहात वेगळी पडत होती, असं त्यात आलं. अशा ठिकाणी पोराची झोप उडाली, तर नुसती झोपेची गोळी पुरेल? गोळी द्याच. पण वसतिगृहही तपासा.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं तिसरं कलम पाठ करून ठेवा. माणसाची सामाजिक, आर्थिक वा राजकीय स्थिती पाहून, किंवा तो समाजाची रूढ मूल्यं मानत नाही म्हणून, त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. कायद्याला कळलं ते समीक्षेला कधी कळणार?

तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'न्यूनगंड' फेकला, तर विचारा : तपासलं कुणी? कधी? आणि कवितेतल्या सवालाचं काय झालं? तो सवाल सोडू नका. आणि शेजारचा सोबती पंधरा दिवस झोपला नसेल, मीटिंगला यायचा बंद झाला असेल, तर त्याला भाषण देऊ नका. सोबत दवाखान्यात जा. बाहेर बाकड्यावर बसून राहा.