संगणक प्रणालींच्या कॉन्फिगरेशन माहितीचे संकलन : एजंट व एजंटविरहित पद्धतींची चिकित्सा

प्रस्तावना :
संस्थेच्या संगणकांवर कोणते सॉफ्टवेअर, कोणत्या आवृत्तीत व कोणत्या मांडणीने चालते, याची नोंद म्हणजे कॉन्फिगरेशन माहिती होय. ब्रिटिश शासनाच्या पुढाकाराने १९८० च्या दशकात आकारास आलेल्या ‘आयटिल’ या मार्गदर्शक चौकटीत अशा नोंदींना महत्त्वाचे स्थान आहे. ही माहिती गोळा कशी करावी, याची चर्चा मात्र बहुधा खर्च व सोय या दोनच अंगांनी होते. ती अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

दोन पद्धती :
एजंट पद्धतीत प्रत्येक यंत्रावर एक छोटा प्रोग्रॅम बसवला जातो. तो यंत्राची माहिती आतून वाचून मध्यवर्ती सर्व्हरकडे पाठवतो. नेटवर्कपासून तुटलेल्या लॅपटॉपची माहितीही तो साठवून नंतर पाठवू शकतो. एजंटविरहित पद्धतीत मध्यवर्ती सर्व्हर एसएनएमपी, एसएसएच वा डब्ल्यूएमआय यांद्वारे यंत्राकडे विचारणा करतो. राऊटर, स्विच, प्रिंटर यांसारख्या उपकरणांवर एजंट बसवणे बहुधा शक्य नसते. तेथे हाच मार्ग उरतो.

विश्वासाचा प्रश्न :
एजंटविरहित पद्धत यंत्राला ‘स्पर्श करीत नाही’, म्हणून ती सुरक्षित, हा युक्तिवाद एकांगी आहे. अनेक यंत्रांचे पासवर्ड त्यामुळे एकाच ठिकाणी एकवटतात. २०२० मध्ये सोलरविंड्स कंपनीच्या ‘ओरायन’ या देखरेख प्रणालीच्या अद्ययावत आवृत्तीत घातक संकेत घुसवल्याचे उघड झाले. ती आवृत्ती सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोहोचली होती. उलटपक्षी, १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अद्ययनामुळे सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. तो एजंट सुरक्षेसाठी होता, नोंदींसाठी नव्हे; तथापि यंत्रात खोलवर बसलेल्या प्रोग्रॅमचा दोष हा यंत्राचाच दोष ठरतो, हे त्यातून दिसले. जोखीम दोन्हीकडे आहे. बदलते ते तिचे ठिकाण.

न सापडणे आणि नसणे :
याहून गंभीर उदाहरण अमेरिकेतील इक्विफॅक्सचे आहे. मार्च २०१७ मध्ये ‘अपाचे स्ट्रट्स’मधील त्रुटी जाहीर झाल्यावर कंपनीने आपल्या प्रणालींची तपासणी केली. तीत काही आढळले नाही. वस्तुतः तक्रार-निवारणाच्या पोर्टलवर तीच सदोष आवृत्ती चालू होती. पुढे सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीस गेली. आपल्याकडे काय चालते याची परिपूर्ण यादीच कंपनीजवळ नव्हती. ‘सापडले नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा घेतला गेला.

एजंटने हा प्रश्न आपोआप सुटला असता, असे मात्र म्हणता येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’मधील त्रुटी उघड झाली, तेव्हा हा घटक इतर सॉफ्टवेअरच्या पोटात दडलेला असल्याचे दिसून आले. केवळ स्थापित प्रोग्रॅमची यादी वाचणाऱ्या एजंटला तो दिसणे शक्य नव्हते.

निष्कर्ष :
सर्व्हर व लॅपटॉपसाठी एजंट, नेटवर्क उपकरणांसाठी एजंटविरहित पद्धत, असा मिश्र मार्ग व्यवहार्य ठरतो. मात्र पद्धत निवडण्यापूर्वी ही माहिती कोणत्या प्रश्नाचे उत्तर देणार आहे, हे ठरले पाहिजे. तसेच प्रत्येक नोंदीसोबत ती केव्हा व कोणत्या मार्गाने मिळाली, आणि कोणत्या यंत्रांपर्यंत पोहोचताच आले नाही, हेही नोंदवले पाहिजे. स्वतःच्या मर्यादा न सांगणारी यादी ही यादी नसल्यापेक्षा अधिक घातक ठरते. कारण ती शोध घेणेच थांबवते.