जास्त 'चार्ज' म्हणजे जास्त काय?

'दुकानदाराने जास्त चार्ज लावला' आणि 'बॅटरी जास्त चार्ज झाली' ही दोन्ही वाक्ये विद्यार्थी सहज बोलतात. पहिल्यात जास्त काय, तर पैसे. दुसऱ्यात? 'विद्युतप्रभार' असे उत्तर बहुधा येते. ते चूक आहे. पण 'बॅटरीत प्रभार साठवतात' हे वाक्य वर्गात आपणच वापरतो.

घासलेल्या फुग्यावर प्रभार खरोखर जास्त असतो. चार्ज झालेल्या बॅटरीवर मात्र एकूण प्रभार शून्यच राहतो. एका अग्रातून जितके इलेक्ट्रॉन आत जातात, तितकेच दुसऱ्यातून बाहेर पडतात. बेंजामिन फ्रँकलिनने लेडन बरणीविषयी हे १७४०च्या दशकातच ओळखले होते: बरणीची आतली बाजू मिळवते तेवढेच बाहेरची बाजू गमावते. बॅटरीत साठते ती ऊर्जा, आणि तीही रासायनिक रूपात.

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. बॅटरी म्हणजे माठ असे मानले, की भरल्यावर वीज जाणे आपोआप थांबेल असे वाटते. प्रत्यक्षात इन्व्हर्टरच्या शिसे-आम्ल बॅटरीत पट्ट्यांवरचे लेड सल्फेट संपत आले, तरी वीज येतच राहिल्यास ती पाण्याचे विघटन करते. ऋण पट्टीवर हायड्रोजन, धन पट्टीवर ऑक्सिजन सुटतो. हवेत हायड्रोजन सुमारे ४ टक्के झाला, तर एक ठिणगी पुरते. म्हणून बॅटरीची जागा हवेशीर हवी. घटलेली पातळी आम्लाने नव्हे, तर ऊर्ध्वपातित पाण्याने भरायची. कारण उडून गेले ते पाणीच. मोबाइलच्या लिथियम-आयन घटात असा पाण्याचा उतारा नाही. तेथे मर्यादेपलीकडे चार्जिंग झाल्यास लिथियम धातू साचतो, घट तापतो व पेटूही शकतो. म्हणून त्यात चार्जिंग थांबवणारे मंडल बसवलेले असते.

इंग्रजीत एकाच शब्दावर भागते. मराठीत वेगवेगळे शब्द आहेत. वीजबिलावरचा 'स्थिर आकार' रुपयांत, 'मंजूर भार' किलोवॅटमध्ये, आणि 'युनिट' हे ऊर्जेचे माप: ३६ लाख ज्यूल. प्रभाराचे कूलोम बिलात कोठेच नाहीत. असे असताना आपण सगळ्यांना सरसकट 'चार्ज' म्हणतो, किंवा प्रभारालाही 'विद्युतभार' म्हणून गोंधळात भर घालतो.

यावर उपाय सोपा आहे. वर्गात 'चार्ज' शब्द आला, की एकक विचारावे: रुपये, कूलोम की ज्यूल? एकक ठरले, की जास्त काय झाले हेही ठरते.