आवर्ती मूतखडा आणि डिजिटल रुग्णनोंदवही : एक चिकित्सक विवेचन

प्रस्तावना

मूतखडा हा भारतीय वैद्यकाला प्राचीन काळापासून ज्ञात असलेला विकार होय. सुश्रुतसंहितेत अश्मरीचे प्रकार, लक्षणे आणि शस्त्रकर्म यांचे विवेचन आढळते. भुदरगड तालुक्यासारख्या ग्रामीण भागात आजही मूतखडा म्हटले की हुलग्याचे कढण, पानफुटीची पाने आणि गावातील जाणत्याचा सल्ला यांची आठवण प्रथम होते. सोनोग्राफी त्यानंतर येते. या विकाराचे खरे वैशिष्ट्य मात्र त्याच्या वेदनेत नसून त्याच्या परत येण्यात आहे. एकदा खडा पडला वा काढला म्हणजे प्रश्न संपला, असे रुग्णास वाटते. पुष्कळदा उपचार करणाऱ्या यंत्रणेचीही तीच समजूत असते. पुनरावृत्तीचा अभ्यास करावयाचा झाल्यास एकाच व्यक्तीचा पाच, दहा, पंधरा वर्षे मागोवा घ्यावा लागतो. या कामासाठी डिजिटल रुग्णनोंदवही, म्हणजेच रजिस्ट्री, हे साधन अलीकडे पुढे आले आहे. हे साधन कोणत्या प्रश्नांची उत्तरे देऊ शकते, कोणत्या प्रश्नांची देऊ शकत नाही आणि गारगोटीसारख्या ठिकाणी त्याला कोणत्या अटींवर अर्थ प्राप्त होईल, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

रजिस्ट्री : संकल्पना आणि दोन परंपरा

रजिस्ट्री म्हणजे विशिष्ट आजाराच्या रुग्णांची, ठरावीक व्याख्येनुसार, सातत्याने ठेवलेली पद्धतशीर नोंद. तिचे दोन प्रकार संभवतात. रुग्णालयाधारित रजिस्ट्रीत दवाखान्यात आलेल्या रुग्णांचीच नोंद होते. लोकसंख्याधारित रजिस्ट्रीत एका निश्चित भूप्रदेशातील प्रत्येक रुग्ण शोधून नोंदविला जातो. पहिल्या प्रकारात अंश असतो, छेद नसतो. दुसऱ्या प्रकारात दोन्ही असतात. हा भेद वरवर तांत्रिक दिसला तरी सर्व निष्कर्षांचे वजन त्यावर अवलंबून असते.

मूतखड्याच्या पुनरावृत्तीविषयीचे सर्वाधिक उद्धृत होणारे आकडे अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ओल्मस्टेड परगण्यातून आले आहेत. तेथे १९८४ ते २००३ या काळात प्रथमच मूतखडा झालेल्या २,२३९ व्यक्तींच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार दोन वर्षांत ११ टक्के, पाच वर्षांत २० टक्के, दहा वर्षांत ३१ टक्के आणि पंधरा वर्षांत ३९ टक्के व्यक्तींना पुन्हा लक्षणे देणारा खडा झाला. हे यश संगणकाचे आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. पण वस्तुस्थिती वेगळी आहे. त्या परगण्यातील वैद्यकीय नोंदी परस्परांशी जोडणारा प्रकल्प १९६६ मध्ये, कागदी दप्तरांच्या काळातच सुरू झाला होता. परगण्यातील रहिवासी कोणत्याही डॉक्टरकडे गेला तरी त्याची नोंद एकाच सूत्रात ओवली जाईल, ही व्यवस्था आधी झाली. संगणक नंतर आला.

याउलट सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१५ मध्ये सुरू केलेली मूत्रपिंड व मूत्रवाहिनीतील खड्यांची रजिस्ट्री आरंभापासूनच डिजिटल आहे. रुग्णाच्या इलेक्ट्रॉनिक नोंदीतील माहिती ठरावीक साच्यात भरली जावी आणि तेथून ती आपोआप रजिस्ट्रीत यावी, अशी तिची रचना आहे. पुन्हा पुन्हा हाताने माहिती भरण्याचे श्रम वाचणे हा तिचा मोठा गुण होय. तथापि मोठ्या विशेषोपचार केंद्रात येणारा रुग्ण हा सर्वसाधारण रुग्ण नसतो, ही मर्यादा साच्याच्या नेटकेपणाने दूर होत नाही.

महाराष्ट्राचा स्वतःचा धडा : बार्शी

रजिस्ट्रीची कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग रजिस्ट्री १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली. त्याहून महत्त्वाचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे आहे. तेथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग रजिस्ट्री सुरू झाली आणि बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत आली. या गावांत निदानाच्या सोयी जवळजवळ नव्हत्या. दवाखान्यात बसून रुग्णांची वाट पाहिली असती तर नोंदवही कोरीच राहिली असती. म्हणून कार्यकर्ते गावोगाव गेले, ग्रामस्थांशी बोलले, लक्षणांची माहिती दिली आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी आणले. परिणामी केवळ नोंदी वाढल्या असे नाही, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागले.

बार्शीच्या अनुभवाचा मथितार्थ असा की, ग्रामीण भागात नोंद ही यंत्राने आपोआप घडणारी क्रिया नसून माणसाने माणसापर्यंत जाण्याचे फलित आहे. मूतखड्याच्या डिजिटल रजिस्ट्रीविषयी बोलताना हा धडा बहुधा विसरला जातो.

मूत्रपिंडविकारांच्या क्षेत्रातील जवळचे उदाहरण २००५ मध्ये सुरू झालेल्या भारतीय दीर्घकालीन मूत्रपिंडविकार रजिस्ट्रीचे आहे. तिच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात ५२,२७३ रुग्णांचा समावेश होता. ही संख्या भव्य आहे. परंतु नोंद ऐच्छिक आणि तज्ज्ञांकडे पोहोचलेल्या रुग्णांपुरती असल्याने समाजातील रोगाचे प्रमाण तिच्यावरून काढता येत नाही. मोठी संख्या आणि प्रातिनिधिक संख्या या दोन भिन्न गोष्टी आहेत.

पुनरावृत्ती म्हणजे नेमके काय?

डिजिटल नोंदींची पहिली कसोटी व्याख्येची आहे. शस्त्रक्रियेनंतर मागे राहिलेला कण वर्षभराने मोठा होऊन दिसला, तर तो नवा खडा की जुनाच? वेदना नसताना केवळ तपासणीत आढळलेला खडा पुनरावृत्तीत धरावयाचा की नाही? पहिल्या वेळी सोनोग्राफी झाली आणि दुसऱ्या वेळी सीटी स्कॅन, तर अधिक सूक्ष्म तपासणीत दिसलेला बारीक खडा पूर्वीपासूनच तेथे असण्याची शक्यता राहते. संगणकाच्या दृष्टीने या तिन्ही प्रसंगी नोंद सारखीच होते, कारण आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीतील एन २० हा संकेतांक खडा आहे एवढेच सांगतो. तो नवा की जुना हे सांगत नाही.

दुसरी उणीव खड्याच्या घटकद्रव्यांविषयी आहे. कॅल्शियम ऑक्झलेट, युरिक आम्ल, जंतुसंसर्गजन्य आणि सिस्टिन या खड्यांची कारणे वेगळी, उपाय वेगळे आणि परत येण्याची प्रवृत्तीही वेगळी. खड्याचे पृथक्करण न करता सर्वांची एकाच रकान्यात बेरीज केली, तर मिळणारी सरासरी कोणत्याच रुग्णाला लागू पडत नाही.

परत न आलेला रुग्ण

सर्वांत गंभीर प्रश्न परत न आलेल्या रुग्णाचा आहे. केवळ स्पष्टीकरणासाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल. समजा, एका रजिस्ट्रीत शंभर रुग्ण नोंदविले गेले. पाच वर्षांनी त्यांपैकी चाळीस संपर्कात राहिले आणि त्या चाळीसपैकी वीस जणांना पुन्हा खडा झाला. संपर्कातील रुग्णांचाच विचार केल्यास पुनरावृत्ती ५० टक्के ठरते. उरलेले साठही बरे आहेत असे गृहीत धरल्यास ती २० टक्के होते. त्या सर्वांना पुन्हा खडा झाला असे मानल्यास ती ८० टक्क्यांवर जाते. २० आणि ८० यांमधील अंतर कोणतेही सॉफ्टवेअर भरून काढू शकत नाही. ते केवळ त्या साठ जणांच्या घरी जाऊन भरता येते.

गारगोटीच्या संदर्भात हे साठ जण कोठे असतील, याचा विचार उद्बोधक आहे. कोणी सुमारे ५० किलोमीटरवरील कोल्हापुरात उपचार घेईल, कोणी निपाणी वा बेळगाव गाठेल. सीमा ओलांडताच राज्य बदलते, शासकीय योजना बदलते आणि नोंदीचा धागा तुटतो. कोणी नोकरीनिमित्त मुंबईस जाईल. कोणी हुलग्याच्या कढणावर भागवील. कोणी पैशाअभावी कळ सोसत घरीच राहील. नोंदवहीच्या दृष्टीने हे सर्वजण सारखेच अनुपस्थित असतात; वास्तवात त्यांच्या अनुपस्थितीची कारणे परस्परविरुद्ध आहेत. बरा झालेला आणि उपचार न परवडलेला हे दोन्ही रुग्ण एकाच रिकाम्या रकान्यात बसतात, हा या पद्धतीचा केवळ शास्त्रीय नव्हे तर नैतिक दोष होय.

ऊसतोड मजुरांचा प्रश्न याहून बिकट आहे. हंगामात मराठवाड्यातून कोल्हापूर जिल्ह्यात येणारा मजूर येथील रहिवासी नाही आणि हंगामभर स्वतःच्या गावीही नसतो. उन्हातील कष्ट आणि अपुरे पाणी ही मूतखड्याला पोषक परिस्थिती ज्याच्या वाट्याला येते, तोच कोणत्याही तालुक्याच्या नोंदीत न सापडण्याचा संभव अधिक.

दाव्यांची नोंद आणि आजाराची नोंद

महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आणि २०१३ मध्ये राज्यभर सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यातील दाव्यांची प्रक्रिया संगणकीकृत असल्याने मूतखड्याच्या शस्त्रक्रियांची मोठी माहिती आपोआप साठते. तिचा उपयोग संशोधनासाठी करावा, हा विचार योग्यच आहे. मात्र दाव्याची नोंद प्रतिपूर्तीसाठी असते. तिच्यात शस्त्रक्रिया दिसते, आजार दिसत नाही. औषधाने पडलेला खडा, खासगी दवाखान्यात स्वखर्चाने झालेला उपचार, आहाराचा सल्ला या गोष्टी तिच्या बाहेर राहतात.

सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील १४ अंकी आरोग्य ओळख क्रमांकामुळे निरनिराळ्या दवाखान्यांतील नोंदी रुग्णाच्या संमतीने जोडता येतात. ओल्मस्टेड परगण्यात जे साधले, त्याचा तांत्रिक पाया यातून मिळू शकतो. परंतु ज्या दवाखान्यात नोंद कागदाच्या चिठ्ठीवरच होते, तेथे जोडण्यासारखे काही उरत नाही. शिवाय संमती हा केवळ पडद्यावरील खुणेचा विषय नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा यांचा आशय रुग्णाला त्याच्या भाषेत समजला पाहिजे. लहान वाडीत वय, लिंग आणि व्यवसाय एवढ्या तीन बाबींवरूनही व्यक्ती ओळखता येते, याचे भान नाव वगळणाऱ्यांनी ठेवणे आवश्यक आहे.

रजिस्ट्रीने काय विचारावे?

पाण्याचे महत्त्व सिद्ध करण्यासाठी रजिस्ट्रीची आवश्यकता नाही. इटलीत १९९ रुग्णांवर पाच वर्षे झालेल्या आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दररोज दोन लिटर लघवी होईल इतके पाणी पिणाऱ्या ९९ जणांपैकी १२ जणांना, तर नेहमीप्रमाणे पाणी पिणाऱ्या १०० जणांपैकी २७ जणांना पुन्हा खडा झाला. उपाय परिणामकारक आहे की नाही, हे अशा चाचणीनेच ठरते. रजिस्ट्रीचे काम निराळे आहे. तो उपाय कोणाला करता येतो आणि कोणाला येत नाही, हे तिने दाखवावे. शेतात वा कामावर स्वच्छतागृह नसल्याने दिवसभर पाणी टाळणाऱ्या स्त्रीला अधिक पाणी पिण्याचा सल्ला देणे सोपे आहे. तो पाळणे तिच्या हाती नाही. वय, लिंग, निदान यांच्या रकान्यांत ही गोष्ट कधीच उमटणार नाही. त्यासाठी कामाचे स्वरूप, उन्हातील तास, पाण्याचा स्रोत आणि स्वच्छतागृहाची उपलब्धता हे चार साधे प्रश्न नोंदवहीत असले पाहिजेत.

समारोप

डॉ. जे. पी. नाईक यांनी गारगोटीत श्री मौनी विद्यापीठाच्या रूपाने ग्रामीण पुनर्रचनेचा प्रयोग उभा केला. ‘सर्वांसाठी आरोग्य’ या ध्येयाचा पर्यायी आराखडा मांडणाऱ्या, १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या समाजविज्ञान व वैद्यकीय संशोधन परिषदांच्या संयुक्त अहवालाशीही त्यांचा निकटचा संबंध होता. आरोग्याची व्यवस्था लोकांपासून सुरू व्हावी, हा त्या अहवालाचा आग्रह येथेही लागू पडतो.

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, आवर्ती मूतखड्याच्या अभ्यासासाठी डिजिटल रजिस्ट्री उपयुक्त आहे, पण स्वयंपूर्ण नाही. पुनरावृत्तीची एकच व्याख्या, तपासणीच्या प्रकाराची नोंद, शक्य तेथे खड्याचे पृथक्करण, परत न आलेल्या रुग्णांचा वर्षातून एकदा घरी जाऊन शोध आणि कामाच्या परिस्थितीविषयीचे प्रश्न, एवढ्या पाच गोष्टी पाळल्या तर एका तालुक्याची लहान नोंदवहीही लाखो दाव्यांच्या साठ्यापेक्षा अधिक खरे सांगू शकेल. हे काम वैद्यकाच्या एकट्याच्या आवाक्यातले नाही. त्यात संख्याशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल आणि गृहविज्ञान यांचा सहभाग अपरिहार्य आहे, आणि ग्रामीण महाविद्यालयांना या विषयात खरा वाव आहे तो येथेच.